अंगणातला रेडो

आमच्या अंगणात फणसाच्या मुळाशी एक लोखंडी वस्तू जवळपास चाळीस वर्षं पडून होती. लांबीला हातभर, मध्ये जाड, एका टोकाला निमुळती. अंगावर गंजाचे पोपडे आणि त्यांत रुतलेली शंखल्यांची खरबरीत पुटं. आम्ही तिला ‘रेडो’ म्हणायचो. हे नाव बाबांनी ठेवलेलं, कारण ती हलवायची तर रेड्यासारखी अडून बसायची.

मी तिसरीत असताना हा रेडो रापणीत आला. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना रापण सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार लांबलचक जाळं सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी दोरीने ओढायची असतात. तीस-चाळीस माणसं लागतात. जे मिळेल त्याचे वाटे होतात. त्या दिवशी जाळं जड लागलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं बांगडा भरला. आलं ते थोडं म्हावरं आणि हे लोखंड. लोखंडाचे वाटे करता येत नाहीत, म्हणून ते बाबांच्या गळ्यात पडलं. “दर्यान दिला ता नाय म्हणूचा नाय,” असं म्हणत त्यांनी ते दोघांच्या मदतीने काठीला बांधून घरी आणलं.

मग त्या वस्तूला कामं मिळत गेली. जाळ्याची दोरी वळताना टोक तिला बांधायचं. पावसाळ्यात ताडपत्री उडू नये म्हणून ती वर ठेवायची. आम्ही भावंडं तिच्यावर बसून घोडा घोडा खेळायचो. आणि आई तिच्यावर कालवं फोडायची. खडकावरून काढून आणलेली कालवं त्या लोखंडावर ठेवायची आणि कोयत्याच्या पाठीने ठोकायची. संध्याकाळी तो ठक ठक आवाज आला की आज जेवायला काय, हे कळायचं. इतकी वर्षं ठोकून ठोकून गंजाखाली मध्यभागी एक गुळगुळीत, चकचकीत खळगा पडला होता. आई २०१६ साली गेली. खळगा राहिला.

*

४ ऑक्टोबर २०२३ला उत्तर सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक नावाचं हिमसरोवर फुटलं. ते पाणी तिस्ता नदीत उतरलं, चुंगथांगचं धरण त्याने वाहून नेलं आणि खाली बारडांग इथे उभी असलेली लष्कराची वाहनं, जवान आणि दारूगोळा पुरात ओढला गेला. ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल. तिचा पुढचा भाग मात्र फार जणांच्या लक्षात राहिला नाही. नदी खाली पश्चिम बंगालात उतरते, तिथे जलपायगुडी जिल्ह्यात पुराच्या गाळातून लोकांना धातूच्या वस्तू मिळू लागल्या. त्यांतली एक तोफगोळ्यासारखी वस्तू कोणीतरी घरी आणली. ती फुटली. माणसं दगावली, त्यांत एक लहान मुलगा होता. मग प्रशासनाने नदीकाठच्या गावांत भोंगे लावून सांगायला सुरुवात केली की, वाहून आलेल्या कशालाही हात लावू नका, पोलिसांना कळवा. लष्कराची पथकं नदीच्या कडेने शोध घेत फिरू लागली.

मी जिल्ह्यातल्याच एका किनाऱ्यावरच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत फोनवर ही बातमी वाचली. त्यात एक शब्द होता, ‘भंगार’. भंगारात विकायला म्हणून ती वस्तू घरात आली असावी, असं बातमीत लिहिलं होतं. मला एकदम आईचा कोयता आठवला. त्याचा आवाजही. हातातला डबा मी तसाच बंद केला.

संध्याकाळी घरी जाऊन रेड्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. इतकी वर्षं ते फक्त वजन होतं. आता त्याला आकार दिसायला लागला.

“बाबा, रेडो पोलिसांक दाखवूक व्हयो.”

बाबांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रेड्याकडे. “चाळीस वर्सां झाली. तुझ्या आवशीन त्येच्यार कालवां फोडली. काय झाला? काय्येक नाय.”

या युक्तिवादाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर शोधलं. दारूगोळ्यातला मुख्य स्फोटक पदार्थ, उदाहरणार्थ टीएनटी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बाहेरचं लोखंड गंजून पातळ झालं तरी आतला पदार्थ कित्येक दशकं तसाच राहू शकतो. त्याला पेटवणारी जी छोटी यंत्रणा टोकाला असते, तिच्यातली रसायनं खूप नाजूक असतात आणि ती गंजाने, खारट पाण्याने कशी वागतील याचा भरवसा नसतो. डागलेला पण न फुटलेला गोळा तर न डागलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याची ती यंत्रणा आधीच अर्ध्या वाटेवर आलेली असू शकते. म्हणजे हजार वेळा ठोकून काही झालं नाही, यावरून हजार आणि एकाव्या वेळी काही होणार नाही, असं ठरत नाही. आपण जिवंत राहिलो हा पुरावा नसतो, ते आपलं नशीब असतं.

पण बाबांचा खरा मुद्दा तो नव्हताच. तो थोड्या वेळाने आला.

“पोलीस इचारतले, इतकी वर्सां घरात कित्याक ठेवलास? मगे काय सांगू?”

*

ही भीती समजून घेतल्याशिवाय आपल्या किनाऱ्यावर कोणीही कोणाला सावध करू शकत नाही, असं मला आता वाटतं.

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरली. २००८ साली हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत आले, तेही एक मच्छीमार बोट ताब्यात घेऊन. तेव्हापासून किनाऱ्यावरचा माणूस एकाच वेळी दोन गोष्टी झाला. सरकारच्या लेखी तो सुरक्षेचे ‘डोळे आणि कान’ आहे, गावोगावी सागर सुरक्षा दलं आहेत. आणि काही गडबड झाली तर पहिले प्रश्नही त्यालाच विचारले जातात. १८ ऑगस्ट २०२२ला रायगडात हरिहरेश्वरजवळ एक रिकामी बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. सगळ्या राज्यात नाकाबंदी झाली. नंतर कळलं की, ती मस्कतहून युरोपकडे निघालेली बोट होती, इंजीन बंद पडल्यावर माणसांना वाचवलं गेलं आणि बोट पावसाळी वाऱ्याप्रवाहाबरोबर भरकटत दोनेक महिन्यांनी आपल्याकडे आली. ओमानच्या बाजूने सुटलेली बोट कोकणात येते, तर सुटलेली कुठलीही वस्तू येऊ शकते. मे २०२५मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं, तेव्हा कोल्लम, आलप्पुळाच्या किनाऱ्यावर कंटेनर लागले. त्या जहाजावरच्या काही कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं, जे पाणी लागलं की ज्वालाग्राही वायू सोडतं. तिथेही सरकारला पहिलं वाक्य हेच सांगावं लागलं की, जवळ जाऊ नका.

बाबांच्या वयाच्या माणसांना हे सगळं ठाऊक आहे. म्हणून त्यांची पद्धत वेगळी आहे. संशयास्पद काही जाळ्यात आलं की बोलायचं नाही, परत समुद्रात टाकायचं. बाबाही त्या रात्री तेच म्हणाले.

“रातीचो होडयेत घालतंय आणि खोल पाण्यात सोडून येतंय. कोणाक कळूचा नाय.”

“आणि फुडच्या वर्सा दुसऱ्याच्या रापणीत इलो तर?”

बाबा काही बोलले नाहीत. कंदील नसताना कंदिलाची वात कमी केल्यासारखं त्यांनी उगाच फोनची बॅटरी बंद केली आणि आत गेले. मीही झोपले नाही. पडवीतून मला रेडो दिसत होता आणि त्याच्या पलीकडे शेजारच्या पोरांची सायकल.

सकाळी चहा घेताना म्हणाले, “फोन कर.”

*

११२ला फोन केला. आधी पोलीस आले, दुपारी जिल्ह्याचं बॉम्बशोधक पथक आलं. आसपासची सहा घरं रिकामी करायला सांगितली. बाबांना शेजारच्या वाडीत एका घराच्या पडवीत नेऊन बसवलं. त्यांना ज्या प्रश्नाची भीती होती, तो कोणी विचारला नाही. पथकातल्या एकाने फक्त एवढंच विचारलं, “याच्यावर ठोकलंय का कोणी?” बाबा म्हणाले, “आमच्या हिना.” त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

वाळूच्या गोण्यांत बसवून रेड्याला गावाबाहेर सड्यावर नेलं. खड्डा खणला. आम्ही लांब होतो. पाचच्या सुमारास एक आवाज झाला, दणका म्हणावा असा. माडावरचे कावळे उठले.

बाबांनी मला विचारलं, “रेडो फुटलो, काय त्येंचा फुटला?”

मी हाच प्रश्न पथकातल्या माणसाला विचारला. त्याने समजावून सांगितलं की, अशी वस्तू नष्ट करताना तिच्यावर त्यांचं स्वतःचं स्फोटक लावून उडवतात. आत काही असेल तर तेही त्याबरोबरच जातं. दोन्ही आवाज एकातच मिसळतात. आवाज मोठा होता का, असं विचारलं तर तो हसला. “बाई, आम्ही ते जिवंतच धरून चालतो.”

म्हणजे आम्हाला कधीच कळणार नाही. चाळीस वर्षं आम्ही मरणावर बसून घोडा घोडा खेळलो, की एका रिकाम्या लोखंडाला घाबरून त्याची माती केली. बाबा दुसऱ्या दिवशी फणसाखाली उभे राहून त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. आईच्या कोयत्याचा खळगाही गेला होता. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

*

यानंतर मी या विषयात शिरले. जे वाचलं त्यातलं काही इथे ठेवते, कारण पुढच्या माझ्या चुकीशी त्याचा संबंध आहे.

मे २०१४मध्ये बोस्नियात मोठा पूर आला आणि दरडी कोसळल्या. १९९२ ते ९५च्या युद्धातले सुमारे १ लाख २० हजार भूसुरुंग तेव्हा त्या देशाच्या जमिनीत उरले होते. वीस वर्षं खपून लोकांनी ते कुठे आहेत याचे नकाशे केले, कडेला कवटीचं चित्र असलेल्या पाट्या लावल्या. पुराने सुरुंग हलवले आणि पाट्याही वाहून नेल्या. नकाशा कागदावर तोच राहिला, जमीन बदलली. ६ जून २०२३ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं, तेव्हाही रेड क्रॉसने हाच इशारा दिला. पूर उंचावरून खाली वाळू-गाळासकट येतो, नदीचा तळ खरवडतो, त्यामुळे जड गोळेही सरकतात. प्लास्टिकचे हलके सुरुंग तर तरंगत जातात.

ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या ब्यूफोर्ट्स डाइक नावाच्या खोल समुद्री चरात दहा लाख टनांहून जास्त दारूगोळा बुडवला. बाबांचीच युक्ती, फक्त मोठ्या प्रमाणावर. १९९५मध्ये तिथे गॅसची पाइपलाइन टाकायचं काम सुरू होतं आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फॉस्फरसच्या आगलाव्या कांड्या हजारोंनी लागल्या. समुद्रात टाकलेलं समुद्रातच राहतं, हा समज जुना आहे आणि सगळीकडचा आहे.

आपल्याकडेही फार लांब जावं लागत नाही. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि वर कापसाच्या गाठी. गोदीत तेव्हा कोकणातले किती चाकरमानी होते, हे आपल्या घराघरांतल्या आज्यांना माहीत. धोक्याचा माल दाखवणारं लाल निशाण जहाजावर नव्हतं. आग बघत माणसं उभी राहिली, विझवणारे विझवत राहिले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन असतो. मला त्यातली निशाणाची गोष्ट सारखी आठवते. निशाण असतं तर आग थांबली नसती. पण बघणारे काही जण तरी पळाले असते.

*

तर माझी चूक.

२०२४च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी ठरवलं की मुलांना सावध करायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर काय काय येऊन पडतं. बाटल्या, चपला, बोये, जाळ्यांची गुंतवळं, लाकडं. मुलं शाळा सुटल्यावर तिथेच असतात. बोये विकले जातात, चांगलं लाकूड चुलीत जातं. मी इंटरनेटवरून वेगवेगळ्या गोळ्यांची, सुरुंगांची, जहाजावरच्या धूर सोडणाऱ्या नळकांड्यांची चित्रं काढली, मोठी करून छापली आणि वर्गात लावली. हा असा दिसतो, हा तसा दिसतो. मुलांनी मन लावून ऐकलं. रेड्याची गोष्टही सांगितली. वर्ग एकदम चिडीचूप. आपण चांगलं शिकवलं, या समाधानात मी घरी गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पायरीवर सात मुलं रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. एक गंजलेला डबा, एक फुटका बोया, मोटारीचा कसलासा भाग, थर्मास. चौथीतला एक मुलगा पुढे आला आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून म्हणाला, “बाई, ह्यो बॉम्ब काय?”

पत्र्याचं नळकांडं होतं ते. केशरी रंग बराच उडालेला, वरच्या टोकाला कडी. माझ्या भिंतीवरच्या चित्रांपैकी एकाशी ते जुळत होतं. म्हणून तर त्याने ते आणलं होतं. बक्षीस मिळेल अशा चेहऱ्याने तो उभा होता.

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण तो दचकला असता. मी हळू आवाजात सांगितलं, “अलगद खाली ठेव. कडीक हात लावू नको. आता माझ्याकडे ये.” तो आला. सगळ्यांना मैदानाच्या पलीकडे, रस्त्यापल्याड नेलं. हजेरी घेतली, दोनदा. मग फोन.

ते जहाजावरचं धुराचं नळकांडं निघालं, संकटात इशारा द्यायला वापरतात ते. कडी ओढली की ते पेटतं, आणि ते वापरलेलं नव्हतं. तोफगोळा नव्हे, पण चौथीतल्या पोराचे हात आणि चेहरा जाळायला पुरेसं. तो ते किनाऱ्यावरून दप्तरात घालून घेऊन आला होता. म्हणजे मी सावध केलं नसतं, तर त्याने कदाचित त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं.

त्या रात्री मी ती चित्रं काढली. ओळखायला शिकवणं हा शिक्षकाचा स्वभाव असतो. अ अननसाचा. पण इथे ओळखायला जवळ जावं लागतं आणि जवळ जाणं हाच धोका. शिवाय गंजलेली, शंखल्यांनी भरलेली वस्तू कुठल्याच चित्रासारखी दिसत नाही. सुरुंग असलेल्या देशांत मुलांना सांगतात त्यात ओळखपरीक्षा नसते. हात लावू नको, थांब, आलास त्याच वाटेने परत फिर, जागा लक्षात ठेव, मोठ्याला सांग. इतकंच. काय आहे ते ठरवणं हे मुलाचं काम नाही, माझंही नाही.

*

आता आम्ही दर जूनमध्ये वाड्यांमध्ये बसतो. शाळेपेक्षा रापणीच्या मांगराजवळ बसणं बरं पडतं, तिथे बायकाही येतात. भाषण नसतं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, अनोळखी धातूची वस्तू, नळकांडं, पिंप, कंटेनर दिसला की आहात तिथून मागे फिरायचं. खूण करायची ती वस्तूपाशी नाही, आपण परत येऊन उभे राहतो तिथे. दुसरी, ११२ला किंवा किनारी सुरक्षेच्या १०९३ला फोन करायचा. तिसरी, परत समुद्रात टाकायचं नाही, कारण समुद्राला पुढचं गाव असतं.

तिसरी गोष्ट सांगायला मी बाबांना घेऊन जाते. मी सांगितलं तर ती सूचना होते. ते सांगतात तेव्हा ते रेड्याची गोष्ट सांगतात, रात्री होडीत घालून सोडून यायचं ठरवलं होतं हेही सांगतात, आणि पोलिसांनी काही विचारलं नाही, हे दोनदा सांगतात. लोकांना ऐकायचं असतं ते तेच. भंगारवाल्याशीही मी बोलले. ओळख पटत नाही असा तुकडा घेणार नाही, असं तो म्हणाला. किती पाळतो, ते त्याचं त्याला माहीत.

गेल्या पावसाळ्यात, दोन दिवसांच्या वादळी वाऱ्यानंतर, पहाटे साडेसहाला फोन वाजला. वाडीतलीच एक बाई. “बाई, कायतरी लोखंडाचा इलासा. आमी माडाकडे उभी आसो. कोणी हात लावूक नाय.”

मी बाबांना घेऊन गेले. पाऊस लागून होता. पंधरा-वीस माणसं छत्र्या, इरली, प्लास्टिकचे कागद घेऊन माडांच्या रांगेत उभी होती आणि समोर मोकळ्या वाळूवर काळं काहीतरी लाटांत लोळत होतं. मुलांना बायकांनी खांद्याला धरून ठेवलं होतं. पोलीस येईपर्यंत दीड तास गेला. कोणी पुढे गेलं नाही. चौथीतला तो मुलगा, आता सहावीत गेलेला, एका पाय टाकू पाहणाऱ्या मोठ्या माणसाला म्हणाला, “काका, मागे रव्हा.”

ते कुठल्याशा मोठ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर निघालं. सगळे हसले. पोलीसही हसले. भंगारवाल्याला बोलावलं, त्याने जे पैसे दिले त्यातून सगळ्यांना चहा आणि भजी झाली.

परत येताना बाबा म्हणाले, “कालवां आणलेली आसत. दगडार फोडूया.”